मानसोपचार वस्तीपर्यंत: गोवंडीतील कार्यकर्ते आणि कुटुंबांसाठी

मानसिक आजारावर उपचार शहरात उपलब्ध असणे आणि ते उपचार आजारी माणसाच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठमोठ्या रुग्णालयांच्या मुंबईतही त्यांच्यामधील अंतर किती असू शकते, हे गोवंडीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडणारा हा परिसर १९२७पासून शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनार क्षेपणभूमीच्या कडेने वाढला. शिवाजी नगर, बैंगनवाडी, रफीक नगर या वस्त्यांत शहराच्या इतर भागांतून हटवलेली, मराठवाड्यातून दुष्काळाने आणि उत्तर भारतातून रोजगाराच्या शोधात आलेली कुटुंबे राहू लागली, आणि पुढे नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत प्रकल्पबाधितांची भर पडली. २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेला हा विभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस विभागांमध्ये सर्वांत खालच्या स्थानी होता. याच देवनारमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४पासून आहे आणि लोकसंख्येचा अभ्यास करणारी राष्ट्रीय पातळीवरील संस्थाही आहे; तेव्हा या भागाविषयीचे ज्ञान दूर कोठेतरी आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती त्या ज्ञानापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतच्या वाटेची, आणि ती वाट कशी बांधता येईल याचा विचार वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, आरोग्य सेविका, शिक्षक, महिला मंडळे, धर्मस्थळांचे व्यवस्थापक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी येथे केला आहे.

उपचाराची गरज असलेल्या शंभर व्यक्तींपैकी किती जणांना ते मिळत नाहीत, या प्रमाणाला आरोग्यशास्त्रात उपचार-दरी म्हणतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि निरनिराळ्या विकारांसाठी उपचार-दरी ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे गोवंडीवर जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि महानगरांत विकारांचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा अधिक असल्याचा त्याच सर्वेक्षणाचा निष्कर्ष पाहता, येथील स्थिती अधिक सुखावह असेल असे मानण्यास आधार नाही.

या दरीचे कारण म्हणून लोकांचे अज्ञान आणि मानसिक आजाराला चिकटलेला कलंक यांकडे सर्वप्रथम बोट दाखवले जाते, आणि म्हणून पथनाट्ये, फलक आणि जनजागृतीच्या फेऱ्या हाच मुख्य उपाय समजला जातो. कलंक खरा आहे; मुलीचे लग्न मोडेल, शेजारी ‘पागल’ म्हणतील, कारखान्यातले काम जाईल, ही भीती कोणीही हसण्यावारी नेऊ नये. परंतु जागृती झालेला माणूस उपचार घ्यायला निघतो तेव्हा त्याच्या वाटेत जे उभे राहते ते बहुतेक वेळा साधे आणि मोजता येण्याजोगे असते: बुडणारी रोजी, दोन गाड्यांचा प्रवास, हरवलेला केस पेपर, बोलायला नसलेली जागा आणि महिन्याभराने संपलेल्या गोळ्या. हे अडथळे दूर न करता केलेली जागृती लोकांना अशा दारापर्यंत नेते जे त्यांच्यासाठी उघडत नाही, आणि एकदा तसा अनुभव आलेले कुटुंब दुसऱ्यांदा घराबाहेर पडत नाही. म्हणून कामाची सुरुवात फलकापासून न करता वाटेपासून करावी.

रोजी, प्रवास आणि केस पेपर

गोवंडीतून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील मानसोपचार विभागात जायचे तर हार्बर मार्गाने कुर्ला, तेथे गाडी बदलून मध्य मार्गाने शीव, नंतर केस पेपरची रांग, बाह्यरुग्ण विभागाची रांग आणि शेवटी औषधाची रांग असा क्रम असतो. १९०१मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचे असेल तर प्रवास आणखी लांबतो. जरीकाम, शिवणकाम, भंगार वेचणे, नाक्यावरची मजुरी किंवा घरकाम यांवर पोट असलेल्या माणसाला यातून पूर्ण दिवसाची कमाई गमवावी लागते, आणि सोबत जाणाऱ्याचीही तेवढीच. औषध फुकट असले तरी ते आणणे फुकट नसते, हे सेवा आखणाऱ्यांच्या हिशेबात सहसा येत नाही.

यावर वस्तीच्या पातळीवर करता येण्यासारखे बरेच आहे. प्रत्येक संस्थेने किंवा मंडळाने गोवंडीचे शताब्दी रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी, शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांत प्रत्यक्ष जाऊन मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असते, नवीन रुग्णाची नोंद कोठे होते, कोणती औषधे रुग्णालयातच मिळतात आणि समाजसेवा अधिकारी कोठे बसतात, याची माहिती घ्यावी, ती दर तीन महिन्यांनी तपासावी आणि एका पानावर हिंदी, उर्दू व मराठीत लिहून ठेवावी. ऐकीव माहितीवर कोणालाही पाठवू नये. पहिल्या भेटीला रुग्णासोबत वस्तीतील एक अनुभवी व्यक्ती असावी, कारण पहिल्या दिवशी रांग, भाषा आणि अधिकाऱ्यांचा तुटक सूर यांनी हरलेला माणूस औषध सुरू होण्यापूर्वीच गळतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून बहुतेक कुटुंबे स्वतः जाऊ लागतात. एकाच गल्लीतील दोन-तीन रुग्णांची तारीख एकाच दिवशी मागून घेतली तर एका सोबत्यावर काम भागते.

कागदपत्रांचे ओझेही हलके करता येते. वस्तीत आग लागते, पाणी भरते, तोडकाम होते, आणि त्यात आधी जातात ते कागद. प्रत्येक केस पेपरचे आणि औषधाच्या चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र रुग्णाच्या संमतीने त्याच्या आणि त्याने निवडलेल्या एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे. पिवळे रेशनकार्ड नाही म्हणून उपचार नाकारले जातील या भीतीने कित्येक जण सरकारी रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, मग तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीला शासकीय किंवा शासन-अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत उपचार निःशुल्क मिळण्याचा हक्क आहे. हे वाक्य कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवण्याजोगे आहे.

प्रवास टाळण्याचा खरा उपाय मात्र सेवा जवळ आणणे हाच आहे. मुंबईत २०२२पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांपैकी अनेक केंद्रे रात्रीपर्यंत उघडी असतात, म्हणजे काम सुटल्यावर तेथे जाता येते. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने नैराश्य, चिंताविकार आणि अपस्मार यांची प्राथमिक ओळख करावी आणि तज्ज्ञाने ठरवून दिलेले औषध पुढे चालू ठेवावे, अशी मागणी नागरिकांनी प्रभागातील नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करावी. ही सवलतीची याचना नाही, कारण मानसिक आरोग्यसेवा सर्व स्तरांवरील सामान्य आरोग्यसेवेत सामावून घेण्याचे बंधन उपरोक्त कायद्याने शासनावर घातले आहे.

जेथे माणसे आधीच येतात तेथे

नैराश्य म्हणजे किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती व एकाग्रता यांवर झालेला परिणाम. परंतु या आजाराने ग्रस्त व्यक्ती डॉक्टरसमोर सहसा ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. छातीत धडधड, घबराहट, डोके जड, अंगाला मुंग्या, ‘टेन्शन’, अशक्तपणा, झोप नाही, या तक्रारी घेऊन ती गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात जाते, तेथे एक सुई आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परतते, आणि महिन्यातून दोनदा तेवढाच खर्च करत राहते. या डॉक्टरांना दोष देऊन काही साधत नाही. ते वस्तीचे पहिले दार आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांच्याशी संबंध जोडून, वारंवार त्याच तक्रारीने येणाऱ्या रुग्णाला दोनच प्रश्न विचारण्याची विनंती करावी: गेल्या दोन आठवड्यांत मन सतत खिन्न किंवा निराश राहिले का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही असे झाले का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर अधिक चौकशी करावी. हे प्रश्न निदान करत नाहीत, पण कोणाकडे लक्ष द्यावे हे सांगतात.

गोवंडीत क्षयरोगाची केंद्रे हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे दार आहे. येथील पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि या रचनेचा क्षयाच्या प्रमाणाशी असलेला संबंध २०१८च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आला. क्षयरोगी व्यक्तीला नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते, आणि नैराश्य आलेली व्यक्ती औषधे मध्येच सोडण्याची शक्यता अधिक असते. दोन्ही आजार एकमेकांना पोसतात. त्यातही एक गोष्ट प्रत्येक क्षयरुग्णाच्या घरी माहीत असायला हवी. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी सायक्लोसेरीन या औषधाने काही रुग्णांत नैराश्य, भ्रम, विचित्र वागणे किंवा आत्महत्येचे विचार उद्भवू शकतात. असा रुग्ण अचानक संशय घेऊ लागला, एकटाच बडबडू लागला किंवा झोपेनासा झाला, तर ‘बाहेरची बाधा’ समजून वेळ घालवू नये आणि घरच्यांनी स्वतःच्या मनाने औषध बंदही करू नये. त्याच दिवशी क्षयरोग केंद्रातील डॉक्टरांना कळवावे, कारण मात्रा बदलून किंवा दुसरे औषध देऊन हा त्रास आवरता येतो. प्रसूतिगृहे, लसीकरण आणि अंगणवाडी ही आणखी काही दारे. बाळंतपणानंतर काही आठवडे टिकणारी खिन्नता तेथेच सर्वांत आधी दिसू शकते.

प्रशिक्षित सामान्य माणसे

देशात दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि जे आहेत ते प्रामुख्याने शहरांच्या सधन भागांत. तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत थांबणे शक्य नसल्याने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही कामे प्रशिक्षित सामान्य व्यक्तींकडे सोपवण्याची पद्धत जगभर विकसित झाली आहे. तिचा एक भक्कम पुरावा मराठी वाचकांच्या शेजारी, गोव्यात आहे. १९९६मध्ये स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने तेथे केलेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ अभ्यासात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. सहा महिन्यांनी अशा केंद्रांतील सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, आणि हा तपशील लपवण्याचे कारण नाही. त्यावरून सरकारी केंद्र मजबूत करण्यात किती अर्थ आहे हेच कळते. याच संस्थेने पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची एक पद्धत तयार केली, जिच्यात वर्तन-सक्रियता हे मुख्य सूत्र आहे: उदास माणूस कामे टाळतो, टाळल्याने अधिक उदास होतो, म्हणून त्याच्यासोबत बसून रोजची एक छोटी, पूर्वी समाधान देणारी आणि त्याला झेपणारी कृती ठरवायची आणि पुढच्या भेटीत तिचा पाठपुरावा करायचा. झिम्बाब्वेमध्ये २००६पासून आरोग्य केंद्रांच्या आवारातील बाकांवर बसून वयस्क स्त्रिया असेच काम करत आहेत, आणि पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीशी संलग्न केंद्राने नाशिक जिल्ह्यातील गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम गावकऱ्यांमधूनच निवडलेल्या स्वयंसेवकांच्या बळावर उभा केला.

गोवंडीत या कामासाठी योग्य माणसे आधीच आहेत. महापालिकेच्या आरोग्य सेविका घराघरांत जातात, त्यांना कोणाच्या घरी बाळ झाले, कोणाचे काम सुटले आणि कोणाचा मुलगा रात्री घरी येत नाही हे माहीत असते. परंतु लसीकरण, क्षय, डेंग्यू आणि सर्वेक्षणांच्या ओझ्याखाली दबलेल्या, अपुऱ्या मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांवर आणखी एक नोंदवही लादणे अन्यायाचे ठरेल. हे काम त्यांना द्यायचे असेल तर त्याचे वेगळे मानधन, ठरावीक तास, आणि पंधरवड्यातून एकदा तज्ज्ञासोबत बसून कठीण प्रसंग मांडण्याची सोय असलीच पाहिजे. देखरेखीविना सोडलेला समुपदेशक काही महिन्यांत उपदेशक होतो किंवा स्वतः खचतो.

स्वयंसेवक निवडताना शिक्षणापेक्षा दोन गुण पाहावेत: ऐकताना मध्येच न तोडणे आणि ऐकलेले न सांगणे. त्याने औषधे सुचवू नयेत, निदान करू नये, घरगुती भांडणात निवाडा देऊ नये. जी व्यक्ती अस्तित्वात नसलेले आवाज ऐकते, झोपेशिवाय अनेक दिवस अतिउत्साहात राहते, खाणेपिणे सोडते, किंवा जगणे नको असे बोलते, तिला समुपदेशनात अडकवून न ठेवता डॉक्टरांपर्यंत न्यावे. आत्महत्येविषयी थेट आणि शांतपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट विचारल्याने माणूस बोलतो. होकार आला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील विषारी द्रव्ये आणि साठलेल्या गोळ्या तिच्या आवाक्यातून दूर कराव्यात, आणि १४४१६ या केंद्र शासनाच्या टेली-मानस क्रमांकावर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. २०२२मध्ये सुरू झालेल्या या निःशुल्क सेवेत दिवसरात्र आणि मराठी-हिंदीसह अनेक भाषांत बोलता येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवाही २०१२पासून दूरध्वनीवर उपलब्ध आहे.

बोलायला जागा

दूरध्वनीवरची मदत दारिद्र्यावरचा तयार तोडगा मानली जाते, परंतु ज्या घरात एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, मोबाइल नवऱ्याच्या किंवा मोठ्या मुलाच्या हातात असतो आणि भिंतीपलीकडचे सर्व ऐकू येते, तेथे मदतवाहिनीचा क्रमांक वाटून स्त्रीच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून क्रमांकासोबत जागाही द्यावी. अंगणवाडी सुटल्यानंतरची खोली, शिवणवर्गाचे कार्यालय, शाळेतील रिकामा वर्ग किंवा दवाखान्यातील पडद्यामागची खुर्ची आठवड्यातून ठरावीक दोन तास या कामासाठी राखून ठेवता येते, आणि त्या जागेवर ‘मानसिक आरोग्य’ असा फलक नसलेला बरा. ‘आरोग्य सल्ला’ एवढे पुरते. समुपदेशकाने फोनवर पहिले वाक्य नेहमी ‘आता बोलता येईल का’ हे ठेवावे, आणि कोणी जवळ आले तर विषय बदलण्याचा संकेत आधीच ठरवून घ्यावा.

स्त्रीच्या घबराहटीमागे मारहाण आहे का, हे एकांतातच कळते. असे असेल तर केवळ झोपेच्या गोळ्या देणे म्हणजे तिला त्याच मारहाणीत गप्प राहण्यास मदत करणे होय. सेहत या संस्थेने आणि मुंबई महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र हे रुग्णालयातच हिंसापीडित स्त्रीला समुपदेशन, सुरक्षिततेचा आराखडा आणि कायदेशीर मदत देण्याचे भारतातील आरंभीचे उदाहरण असून, पुढे शहरातील इतर उपनगरी रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. गोवंडी-धारावी पट्ट्यात ‘स्नेहा’ आणि शिवाजी नगरमध्ये ‘अपनालय’ यांसारख्या संस्था दीर्घकाळ काम करत आहेत. नवा उपक्रम सुरू करण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन काय आधीच चालू आहे हे विचारावे.

घर पाडले जाण्याची भीती, पाण्याच्या टँकरची वाट, धुराने कोंडलेली हवा, यांतून येणारी अस्वस्थता ही सर्वच आजार नसते, आणि तिला आजाराचे नाव देऊन गोळी देणे चुकीचे आहे. पुण्यातील वस्त्यांत काम करणाऱ्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी मानसिक आरोग्याला रुग्णालयाच्या भिंतींतून बाहेर काढून निवारा, अन्न आणि नातेसंबंध यांच्याशी जोडण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. गोवंडीतील स्वयंसेवकाच्या पिशवीत म्हणूनच प्रश्नावलीसोबत रेशन कार्यालयाची आणि मोफत कायदा सहाय्याची माहितीही असावी.

दवा आणि दुआ

मन बिघडल्यावर अनेक कुटुंबे आधी दर्ग्यात, देवऋषीकडे, प्रार्थनासभेत किंवा ताईत देणाऱ्या आमिलकडे जातात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून झिडकारणारा कार्यकर्ता त्या घरात पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारात मानसोपचाराची सेवा उभारून ‘दवा आणि दुआ’ एकत्र देण्याचा प्रयोग झाला, आणि त्यात मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवले. गोवंडीतील मशिदींचे इमाम, बुद्धविहारांतील कार्यकर्ते आणि मंदिरांचे विश्वस्त यांच्याशी असेच बोलता येते: प्रार्थना चालू राहू द्या, सोबत डॉक्टरांचीही भेट होऊ द्या. मात्र एक सीमा ठाम असावी. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले, कारण त्यांना पळताच आले नाही. बांधणे, उपाशी ठेवणे, धुरी देणे, मारणे यांना श्रद्धेचे संरक्षण नाही. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीला गुन्हा ठरवतो. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण व्यक्तीला पोलिसांनी कोठडीत न डांबता चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे, असे मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० सांगते, आणि याच कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून तिला त्यासाठी शिक्षा केली जात नाही. असा प्रयत्न केलेल्या नातेवाइकाला रुग्णालयात नेल्यास पोलीस त्यालाच पकडतील या भीतीने होणारा उशीर जीव घेतो. ही भीती घालवणे हे तातडीचे काम आहे.

नशेविषयी

‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, ‘एमडी’ (मेफेड्रोन) आणि दारू यांनी वस्तीतील तरुणांचे जे नुकसान केले आहे त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या रागातून मुलाला खोलीत कोंडून नशा एकदम सोडायला लावण्याची पद्धत जिवावर बेतू शकते. अशा गोळ्यांची किंवा रोजच्या दारूची सवय असलेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली तर फिट येणे, हातपाय कापणे, भास होणे असे गंभीर परिणाम होतात. म्हणून नशा सोडवणे वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे, आणि मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत ते होऊ शकते. वस्तीत भेटणाऱ्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्यापूर्वी तेथे डॉक्टर रोज येतात का, कुटुंबाला भेटू दिले जाते का, मारहाण होते का, नोंदणी आहे का, हे पाहावे. ‘गर्दुल्ला’ हा शब्द कार्यकर्त्यांच्या तोंडी नसावा, कारण तो ऐकलेला मुलगा त्यांच्याशी पुन्हा बोलणार नाही.

औषधाचे सातत्य

पहिली भेट घडवून आणणे अवघड असते, पण दहावी त्याहून अवघड. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, तर तोंड कोरडे पडणे, मळमळ, सुस्ती असे त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवतात; हे आधी सांगितले नाही तर रुग्ण ‘औषध लागू पडले नाही, उलट त्रास झाला’ असे म्हणून सोडून देतो. बरे वाटू लागल्यावर औषध सोडणे हीदेखील तितकीच सर्रास घडणारी चूक आहे. स्वयंसेवकाने पुढील तारखेच्या दोन दिवस आधी आठवण द्यावी, आणि तारीख चुकल्यास रागावण्याऐवजी काय अडले ते विचारावे. एका दिवसाचे शिबीर भरवून, शंभर माणसे तपासून, चिठ्ठ्या देऊन निघून जाणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घ्यावे की पाठपुराव्याशिवायची चिठ्ठी रुग्णाच्या पदरी केवळ आजाराचे नाव टाकते.

गोवंडीच्या वर्षाचे स्वतःचे कालचक्र आहे आणि उपचार त्याला धरून आखावे लागतात. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या रुग्णांपैकी कित्येक जण औषधे महिनाभर बंद ठेवतात. रमजान सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटून मात्रा सहरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता येतात का, हे विचारून घ्यावे. द्विध्रुवीय विकारासाठी, म्हणजे अतिउत्साह आणि खिन्नता यांच्या आळीपाळीने येणाऱ्या आजारासाठी, लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. शरीरातील पाणी कमी झाल्यास रक्तातील लिथियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हीच काळजी उन्हाळ्यात कारखान्याच्या पत्र्याखाली दिवसभर घाम गाळणाऱ्यानेही घ्यावी.

शाळांना उन्हाळी सुट्टी लागल्यावर अनेक कुटुंबे दीड-दोन महिन्यांसाठी उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाड्यातील गावी जातात, आणि परत येतात तेव्हा आजार उलटलेला असतो. जाण्याचा दिवस ठरताच रुग्णालयात सांगून त्या काळासाठी पुरतील इतक्या गोळ्या मागाव्यात. तेवढ्या एकदम देणे नियमात बसत नसेल, किंवा आत्महत्येचा धोका असल्याने सुरक्षित नसेल, तर औषधाचे मूळ नाव आणि मात्रा स्पष्ट अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी सोबत न्यावी, जी दाखवून गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयातून पुरवठा घेता येईल. टेली-मानसचा क्रमांक इतर राज्यांतही तोच चालतो. गोळ्या घरातील कोणा एका जबाबदार माणसाकडे असाव्यात, आणि परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातील भेटीची तारीख निघण्यापूर्वी केस पेपरवर घालून घ्यावी.